न्यूट्रल तुटला, फ्यूज शाबूत राहिला: एका अ‍ॅम्प्लिफायरचं प्रकरण

पावसाळ्याच्या तोंडावर कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत मीटर रूममधला न्यूट्रलचा जोड सैल होऊन जळाला. आपल्याकडे हे नवीन नाही. इमारतीत तीन फेज येतात, फ्लॅट तिन्हींवर वाटलेले असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा मिळून एकच असतो. तो तुटला की प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतील ही हमी संपते. ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज चढतं, जास्त तिथे पडतं. एका मजल्यावर ट्यूब मिणमिणतात, दुसऱ्यावर बल्ब पांढरेफटक पेटतात. वायरमन येऊन जोड पक्का करेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. मधल्या वेळात सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला तेव्हा एका फेजवर तीनशेच्या वर आकडा होता. यात एमसीबी पडत नाही. तो करंट बघतो, व्होल्टेज नाही.

त्या फेजवर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. गाण्याची आवड जुनी, रेकॉर्ड्सचं कपाट भिंतभर, आणि मध्यभागी परदेशी बनावटीचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर: क्लास एबी, चॅनेलला ८० वॉट, पोटात ५०० व्हीएचा टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर. घटना घडली तेव्हा अ‍ॅम्प चालू होता, गाणं थांबवलेलं. ते खाली मीटर रूमपाशी गेले. वर आले तेव्हा खोलीत व्हार्निश जळल्याचा वास होता आणि अ‍ॅम्पचा दिवा गेलेला. त्यांनी प्लग काढला, मागचा फ्यूज काढून मल्टिमीटरवर तपासला. फ्यूज चांगला निघाला.

शेजारच्याच सॉकेटवर टीव्ही स्टँडबायला होता. त्याच्या पॉवर सप्लायमधला एमओव्ही शॉर्ट झाला आणि बोर्डावर सोल्डर केलेला साधा फ्यूज उडाला. एमओव्ही असतोच त्यासाठी. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की तो स्वतः वाहू लागतो, तापतो, शॉर्ट होतो आणि फ्यूजला उडायला लावतो. टीव्हीवाल्याने दोन्ही भाग बदलले, काही शे रुपयांत टीव्ही सुरू. एकाच घरात, एकाच मिनिटाला, दोन रुपयांच्या फ्यूजने टीव्ही वाचवला आणि चौदा हजारांच्या फ्यूजने अ‍ॅम्प जाऊ दिला.

चौदा हजार हा आकडा चुकून पडलेला नाही. अ‍ॅम्पमध्ये जो फ्यूज होता तो ‘ऑडिओफाइल’ जातीचा, म्हणजे आवाज सुधारतो असं सांगून विकला जाणारा. असे फ्यूज काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत मिळतात, आणि हौशी मंडळींत त्यांच्यावर गंभीरपणे चर्चा होते.

टेबलावर

अ‍ॅम्प माझ्याकडे दुरुस्तीला आला तेव्हा त्या बँक अधिकाऱ्यांचं, म्हणजे काकांचं, म्हणणं असं होतं, “अहो, फ्यूज शाबूत आहे, मी स्वतः बघितला. म्हणजे किरकोळच काही असणार ना?”

झाकण काढलं. टोरॉइडवरची पॉलिस्टर टेप कडांना आखडून तपकिरी झाली होती आणि आतून पाझरलेलं व्हार्निश खालच्या रबरी वॉशरवर येऊन कडक झालं होतं. फिल्टर कपॅसिटर चार, प्रत्येकी १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे. तिघांची डोकी फुगलेली, चौथ्याची वरची खाच उघडलेली. हिशेब जुळतो: या अ‍ॅम्पची रेल, म्हणजे आतला डीसी पुरवठा, एरवी अधिक-उणे ४८ व्होल्ट. मेन्स, म्हणजे घरात येणारी वीज, ३१० ला गेली तर तीच ६५ च्या आसपास जाते, म्हणजे कपॅसिटरच्या मर्यादेबाहेर. आउटपुट ट्रान्झिस्टर धड, एसीचं डीसी करणारा ब्रिज धड. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे मेन्सला जोडलेलं वाइंडिंग, मात्र पूर्ण ओपन.

टेप सोडवली तेव्हा कारण दिसलं. बऱ्याच टोरॉइडमध्ये प्रायमरीच्या सिरीजमध्ये, वाइंडिंगला चिकटून, एकदाच उडणारा थर्मल फ्यूज पुरलेला असतो. इथला १३० अंशांचा होता आणि तो उडाला होता. सर्किट तोडलं ते त्याने, तेही वाइंडिंग भाजून झाल्यावर. मागच्या पॅनेलवरच्या होल्डरमधल्या फ्यूजने काहीच केलं नव्हतं.

होल्डरच्या वर कंपनीने छापलं होतं: टी ३.१५ एएल २५० व्ही, म्हणजे ३.१५ अँपिअरचा, संथ उडणारा (‘टी’) फ्यूज; ‘एल’बद्दल पुढे सांगतो. होल्डरमधून निघालेल्या निळ्या, सोनेरी टोप्यांच्या फ्यूजवर छापलं होतं: ६.३ ए, २५० व्ही, आणि एक बाण.

३.१५ चे ६.३ झाले कसे

काकांनी आढेवेढे न घेता सगळा क्रम सांगितला. मूळ काचेचा फ्यूज कधीच उडाला नव्हता. तो काढून त्यांनी ऑनलाइन विक्रेत्याकडून ३.१५ चाच महागडा फ्यूज मागवला, ‘स्लो ब्लो’ लिहिलेला. तो काही आठवडे चालला आणि एका सकाळी अ‍ॅम्प सुरू करताना उडाला. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं: आमच्या फ्यूजमध्ये तार शुद्ध असते, त्यामुळे एक पायरी वरचा घ्या. सवलतीत ५ चा आला. तोही काही महिन्यांनी सुरू करतानाच गेला. मग ६.३ चा आला. तो टिकला.

हा सल्ला त्या एकट्या विक्रेत्याचा नाही. महाग फ्यूजच्या बाजारात ‘एक साइझ वर जा’ हे इतक्या सहज सांगितलं जातं की ग्राहकाला ती वापरायची पद्धतच वाटते. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मालिकेत ३.१५ नंतर ४, मग ५, मग ६.३ येतं. दोन खरेद्यांत काका तीन पायऱ्या चढले होते, आणि दुप्पट झालंय हे त्यांच्या लक्षात आलं ते मी दोन्ही आकडे शेजारी लिहिल्यावर.

आपल्या जुन्या वाड्यांत किटकॅट फ्यूज होते तेव्हा हेच व्हायचं. तार सारखी उडते म्हणून कुणीतरी वायरीतले आणखी दोन पदर पिळून घालायचं, मग फ्यूज उडायचा बंद व्हायचा आणि सगळे खूश. त्या माणसाला आपण अडाणी म्हणायचो. इथे तेच काम मखमली डबीतून येतं.

खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही: मूळ दहा-वीस रुपयांचा फ्यूज वर्षानुवर्षं टिकला, मग त्याच रेटिंगचा महागडा का उडतो?

सुरू करतानाचा दणका

मोठा टोरॉइड सुरू होताना पहिल्या काही सायकलींत बेसुमार करंट ओढतो. या अ‍ॅम्पच्या प्रायमरीचा रोध साधारण सव्वादोन ओहम, घरच्या वायरिंगचा पाऊण ओहम धरा. एकूण तीन. मेन्सचं शिखर ३२५ व्होल्ट. वाईटातल्या वाईट क्षणी स्विच पडला तर कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि शिखर करंट शंभर अँपिअरच्या जवळ जाऊ शकतो, काही मिलिसेकंदांपुरता. त्यात रिकाम्या फिल्टर कपॅसिटरची भूक वेगळी. या मॉडेलमध्ये सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे सुरू होतानाचा करंट अडवून धरणारी सोय, नाही. कंपनीने ते काम फ्यूजच्या संथपणावर सोडलं आहे. ‘टी’ हे अक्षर त्यासाठीच छापलेलं असतं.

आणि हा दणका दर वेळी सारखा नसतो. स्विच मेन्सच्या लाटेवर कुठे पडतो आणि मागच्या वेळी बंद करताना कोअरमध्ये किती चुंबकत्व उरलं, यावर तो ठरतो. म्हणून जेमतेम पुरेसा फ्यूज महिनाभर चालतो आणि एक दिवस अचानक जातो. काकांना वाटलं तो फ्यूज सदोष निघाला. विक्रेत्याने तर ‘अजून सेटल झाला नव्हता’ असंही लिहिलं होतं.

संथ फ्यूजला संथ बनवणं ही कारागिरी आहे. भिंगाखाली चांगल्या कंपनीचा काचेचा टी फ्यूज बघितलात तर एकतर तार बारीक गाभ्यावर गुंडाळलेली दिसते, नाहीतर सरळ तारेच्या मध्यभागी कथलाचा इवलासा थेंब दिसतो. त्या थेंबामागचं तत्त्व मेटकाफ नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने १९३९ मध्ये मांडलं. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं १०८५ ला, कथील फक्त २३२ ला. मध्यम ओव्हरलोड बराच वेळ राहिला की कथील वितळून तारेत मुरतं, तिथे मिश्रधातू होतो आणि तार स्वतःच्या वितळणबिंदूच्या बरीच आधी तुटते. क्षणभराच्या दणक्यात मात्र थेंब उष्णता शोषतो आणि तार वाचते. म्हणजे एकाच फ्यूजला दोन उलट गोष्टी जमतात: क्षणिक मोठा करंट सोसायचा आणि रेंगाळणारा मध्यम करंट तोडायचा.

काकांकडे ३.१५ चा जोडीतला दुसरा, न वापरलेला महागडा फ्यूज होता. त्यांच्या परवानगीने तो तोडला, पण आधी चाचणी घेतली. गाडीची बॅटरी, नायक्रोमची तार, शंट आणि डिजिटल स्कोप एवढ्यावर काम होतं. साडेएकतीस अँपिअर, म्हणजे रेटिंगच्या दहा पट करंट दिला. काचेच्या टी फ्यूजने इतक्या करंटला २० ते ३०० मिलिसेकंद घ्यावेत असं आयईसी ६०१२७ हे मानक सांगतं. याने आठच्या आत दार लावलं. म्हणजे नाव स्लो ब्लो, वागणूक फास्टची. निळं राळेचं आवरण खरवडून काढल्यावर आत एक सरळ बारीक चकचकीत तार, कुठे थेंब नाही, गुंडाळी नाही. अशी तार टोरॉइडच्या दणक्याला टिकणार कशी? तिला टिकवायचं तर जाड करायची, आणि जाड केली की आकडा वाढतो. ‘एक साइझ वर जा’ या सल्ल्यामागचं शास्त्र एवढंच.

एक दुसरं कारणही अशा वेळी तपासून बघावं. अमेरिकन यूएल पद्धतीत फ्यूजने रेटिंगच्या १३५ टक्क्यांना तासाभरात उडायलाच हवं. आयईसी पद्धतीच्या काचेच्या टी फ्यूजने १५० टक्क्यांना किमान तासभर टिकायलाच हवं. आकडा दोन्हींवर तीनच्या आसपासचा, आकारही सारखा, पण वागणूक वेगळी. २३० व्होल्टच्या युरोपीय अ‍ॅम्पमध्ये यूएल वळणाचा फ्यूज घातला तर तो विनाकारण उडू शकतो, आणि पुन्हा तोच मोह होतो.

दोन ते तीन पटींमधला पट्टा

आता मुख्य मुद्द्याकडे. ६.३ चा फ्यूज म्हणजे कोणताच फ्यूज नसल्यासारखं आहे का? तसं नाही, आणि म्हणूनच लोक फसतात. ब्रिज पूर्ण शॉर्ट झाला तर अशा टोरॉइडच्या प्रायमरीत तीस-पस्तीस अँपिअर जातात, तेव्हा ३.१५ काय, ६.३ काय, दोन्ही उडतात. मालक म्हणतो, बघा, वरचा फ्यूजसुद्धा काम करतो. फरक पडतो तो मधल्या दोषात. करंट जास्त आहे पण शॉर्टइतका नाही, आणि तो थांबत नाही.

मानकातले आकडे घ्या. काचेचा टी फ्यूज रेटिंगच्या २.१ पटीला दोन मिनिटांच्या आत उडायला हवा, २.७५ पटीला दहा सेकंदांच्या आत. ३.१५ च्या फ्यूजसाठी हे करंट अनुक्रमे ६.६ आणि ८.७ अँपिअर. आणि ६.३ चा फ्यूज? त्याने दीडपटीला, म्हणजे ९.४५ अँपिअरला, किमान एक तास टिकणं अपेक्षित आहे. म्हणजे ६.६ ते ९.४५ अँपिअर या पट्ट्यात बरोबर फ्यूजने जास्तीत जास्त दोन मिनिटांत तोडायचं, आणि चुकीच्या फ्यूजने तासभर बसून राहिलं तरी तो नियमातच वागतो. त्याला दोष देता येत नाही.

न्यूट्रल तुटल्यावर या अ‍ॅम्पचा करंट नेमका याच पट्ट्यात गेला असावा. टोरॉइडचा कोअर २३० ला जेमतेम आरामात असतो आणि त्याचा गुडघा, म्हणजे सॅच्युरेट व्हायला लागायची जागा, फार तीक्ष्ण असतो. ईआय पत्र्यांच्या नेहमीच्या चौकोनी कोअरचा ट्रान्सफॉर्मर हळूहळू कुरकुरतो, टोरॉइड एकदम कोसळतो. माझ्याकडे भंगारातून घेतलेला तेवढ्याच क्षमतेचा टोरॉइड होता. डिमरस्टॅटवर (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) सेकंडरीला, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या वाइंडिंगला, काहीही न जोडता चालवून बघितला. २३० ला काही दहा मिलिअँपिअर, २५५ ला त्याच्या कितीतरी पट, २७० ला एक अँपिअरच्या वर. डिमरस्टॅट तिथे संपतो, म्हणून दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी सिरीजमध्ये घालून ३०० पर्यंत नेलं. ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरवर साडेसहा-सातच्या घरात आकडा आला. साधा मीटर इथे चालत नाही, कारण करंटचा आकार टोकदार असतो आणि तो मीटर कमी दाखवतो.

याच जोडणीत चांगल्या कंपनीचा टी ३.१५ एएल घातला. मिनिटभराच्या आत गेला. मग काकांचाच ६.३ चा निळा फ्यूज घातला. तो राहिला. ट्रान्सफॉर्मर घरघरत होता, काही मिनिटांत हात ठेववेना, व्हार्निशचा वास सुटायच्या आत मी स्विच काढला. प्रायमरीतले सात अँपिअर सव्वादोन ओहममधून जातात तेव्हा शंभरहून जास्त वॉट एका वाइंडिंगमध्ये उष्णता म्हणून उतरतात. बंद पेटीत, वीस मिनिटं. त्या दिवशी कोथरूडमध्ये हेच घडलं असणार. पोटात थर्मल फ्यूज नसता तर पुढे काय झालं असतं हे सांगायला मला जळालेलं फर्निचर बघायची गरज नाही. सगळ्याच टोरॉइडमध्ये तो असतो असंही नाही.

आवाजाचं काय

काकांचा प्रश्न रास्त होता. “तुमचं सगळं मान्य. पण आवाज मोकळा झाला होता, तो मला ऐकू आला होता. त्याचं काय?”

ऐकू आलेलं मी खोटं ठरवत नाही, कारण ते माझ्या हातात नाही. हातात आहे ते माप. ३.१५ च्या साध्या फ्यूजचा रोध तीसेक मिलिओहम. तो ज्या वाटेत बसतो तिथे आधीच तीन ओहम आहेत. महागड्या फ्यूजने समजा पाच-दहा मिलिओहम वाचवले, तर एकूण रोधात फरक पडतो तो फार तर तीन हजारांत दहाचा. त्याच घरात मेन्स दिवसभरात २१५ ते २४० अशी फिरते. फ्यूजवरच्या बाणाबद्दल एवढंच म्हणेन की ५० हर्ट्झला करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो.

मात्र ‘फ्यूजचा आवाजाशी काही संबंधच नाही’ असं छातीठोक सांगणारेही अर्धंच सांगतात. स्पीकरच्या वाटेत फ्यूज असेल, तर बासच्या प्रत्येक ठोक्याला तार तापते-निवते, रोध वरखाली होतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला तिसऱ्या हार्मोनिकचं डिस्टॉर्शन मोजता येतं. जुन्या अ‍ॅम्पमध्ये अशी रचना असायची आणि ती टाळण्यामागे खरं कारण होतं. पण तो फ्यूज वेगळा आणि मेन्सचा वेगळा. मेन्सच्या फ्यूजनंतर ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, चाळीस हजार मायक्रोफॅरड, आणि मग कुठे गाणं.

यातली खरी अडचण मला वेगळीच वाटते. फ्यूज चांगला की वाईट हे ऐकून ठरवायची सवय लागली की त्याचं जे काम आहे ते तपासायची वेळच येत नाही. दोष घडेपर्यंत ६.३ चा फ्यूज ३.१५ च्या फ्यूजसारखाच वागतो. गाणं दोन्हींतून सारखंच जातं.

जे मी तपासू शकलो नाही

फ्यूजवर एल, ई किंवा एच हे अक्षर असतं ते ब्रेकिंग कपॅसिटी सांगतं, म्हणजे किती मोठा शॉर्ट करंट हा फ्यूज न फुटता, आत ठिणगी न टिकवता तोडेल. एल म्हणजे ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहा पट, यातलं जे जास्त ते. ई म्हणजे १५०. एच म्हणजे १५००. तो बहुधा सिरॅमिकचा आणि आत वाळू भरलेला. काकांच्या फ्यूजवर यातलं कुठलंच अक्षर नव्हतं. मान्यतेची खूण नव्हती, उत्पादकाचं नाव फक्त डबीवर. फ्यूजच्या पुढे पण प्रायमरीच्या अलीकडे, म्हणजे आतल्या स्विचपाशी, शॉर्ट झाला तर शहरी घरात तीनशे-साडेतीनशे अँपिअर सहज वाहतात. तेव्हा या निळ्या नळीत काय होईल? त्याची चाचणी घरच्या टेबलावर करायची नसते. त्यासाठी बंगळुरूची सीपीआरआय किंवा वडोदऱ्याची एर्डा यांच्यासारख्या प्रयोगशाळा असतात, आणि विकणाऱ्याने ती आधीच करून आणायची असते. अक्षर छापलेलं नाही याचा अर्थ मी तरी चाचणी झालेली नाही असाच धरतो.

इथे एक सावधगिरी, कारण हौशी लोक लगेच उलट्या टोकाला जातात: मग सिरॅमिकचा एचच घालू, तो जास्त सुरक्षित. ब्रेकिंग कपॅसिटीपुरतं बरोबर. पण याच मानकात सिरॅमिकच्या टी एच फ्यूजला २.१ पटीच्या करंटला दोन मिनिटं नाही, तीस मिनिटांपर्यंत मुभा आहे. आकडा तोच, टी तोच, पण मधल्या ओव्हरलोडला तो कितीतरी आळशी. आपल्या प्रकरणात वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं होतं. म्हणून मी पॅनेलवर छापलेलं अक्षर न अक्षर पाळतो. कंपनीने सुरक्षेच्या चाचण्या त्याच फ्यूजवर घेतलेल्या असतात.

आणि स्वस्त म्हणजे सुरक्षित, असंही नाही. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर सुट्ट्या पुड्यांत मिळणाऱ्या काचेच्या फ्यूजमध्ये टोपीवरचा छाप पुसट, टी की एफ (झटपट उडणारा) ते कळत नाही, आणि एकाच पुडीतल्या तारा जाडीने वेगळ्या, असं मी बघितलं आहे. लिटलफ्यूज, शुर्टर, ईटन बुसमन, सिबा अशा कंपन्यांचे फ्यूज अधिकृत वितरकाकडून घेतले तर दहाऐवजी पंचवीस-तीस रुपये पडतात. एवढं सोसावं.

दुरुस्ती

ट्रान्सफॉर्मर पुण्यातच नव्याने वाइंड करून घेतला. रीवाइंडिंगवाल्याला थर्मल फ्यूज पुन्हा घालायला बजावून सांगावं लागलं, कारण ‘तो कशाला, उगाच उडतो’ असं त्याचंही मत होतं. प्रायमरीचे टर्न थोडे वाढवून कोअर जरा खालच्या फ्लक्सवर आणला, आणि त्याच प्रमाणात सेकंडरीही, म्हणजे रेल तीच राहिली. कपॅसिटर चारही बदलले, ८० व्होल्टचे बसले. होल्डरच्या पत्त्या ढिल्या झाल्या होत्या. जाड मुलाम्याचे फ्यूज वरचेवर काढघाल केल्याने असं होतं, आणि ढिली पत्ती स्वतःच तापते. होल्डर नवा घातला. त्यात टी ३.१५ एएल. सॉफ्ट स्टार्ट बसवायचा का, असं काकांनी विचारलं. मूळ फ्यूज वर्षानुवर्षं उडाला नव्हता, त्यामुळे नको म्हटलं. त्याऐवजी डिस्ट्रिब्यूशन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवायला लावला, २७० च्या आत तोडणारा. न्यूट्रल परत तुटणार नाही असं कुणी लिहून देणार नाही.

बिल झालं ते दोन निळ्या फ्यूजच्या किमतीत बसलं नाही, तिसरा धरला तर बसलं असतं. काकांनी तेवढ्यावरून स्वतःच विनोद केला.

त्यांच्या सीडी प्लेअरमध्येही त्याच कंपनीचा फ्यूज आहे. तो मी बघितला: रेटिंग पॅनेलवर छापल्याप्रमाणेच, पण टी-एफ नाही, एल-एच नाही, मान्यतेची खूण नाही. सीडी प्लेअरचा ट्रान्सफॉर्मर लहान, दणका नगण्य, म्हणून तो उडत नाही. मी बदलू म्हटलं, ते नको म्हणाले. रेटिंग बरोबर असल्यामुळे अ‍ॅम्पइतका धोका नाही हे मलाही मान्य होतं, पण शॉर्टच्या वेळी तो काय करील याची हमी मी देऊ शकत नव्हतो. तेव्हा बिलाच्या खाली एक ओळ लिहिली आणि त्यांची सही घेतली: सीडी प्लेअरमधला मेन्स फ्यूज मानांकित नाही, बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने नकार दिला.